आजीचे नाव बाळाला: शोधापासून जन्मदाखल्यापर्यंत

घरात बाळ येणार असल्याचे कळले की नावांच्या याद्या सुरू होतात आणि त्या यादीत कुणीतरी आजीचे नाव सुचवते. कल्पना सगळ्यांना पटते. पुढे काय करायचे हे मात्र कुणालाच नेमके ठाऊक नसते. नाव जसेच्या तसे ठेवायचे की त्याला नवे रूप द्यायचे, मुलगा झाला तर काय करायचे, दुसऱ्या आजीचे काय, आणि गुरुजींनी काढून दिलेले अक्षर जुळले नाही तर काय, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. माझा मुख्य आग्रह आधीच सांगून ठेवते: बाळाच्या नावाकडे वळण्यापूर्वी आजीच्या नावाचा नीट शोध घ्यावा, कारण मराठी घरांतल्या जुन्या पिढीच्या बहुतेक बायकांना एकापेक्षा अधिक नावे होती, आणि त्यांतले सर्वांना माहीत असलेले नाव हेच तिला स्वतःचे वाटत होते असे गृहीत धरता येत नाही.

पहिली पायरी: आजी कोणती, हे ठरवावे

आज तिशीच्या आसपास असलेले आईवडील 'आजीचे नाव' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात स्वतःची आजी, म्हणजे बाळाची पणजी असते. हा फरक किरकोळ नाही. पणज्यांच्या पिढीत गोदावरी, भागीरथी, द्वारका, अनसूया, सत्यभामा, शेवंता, तुळसा, इंदिरा, वत्सला अशी नावे होती; बाळाच्या आज्यांच्या पिढीत सुनीता, संगीता, शोभा, अलका, मंगला, विजया, सुरेखा, जयश्री ही नावे आली. नावांच्या आवडीनिवडीचा स्वभावच असा आहे की दोन पिढ्यांपूर्वीचे नाव ताजे वाटते आणि एका पिढीपूर्वीचे आपल्या शाळेतल्या बाईंचे वाटते. त्यामुळे 'गोदा' ऐकून मंडळी खूश होतात आणि 'सुरेखा' ऐकून गप्प बसतात. सुरेखा नावाची आजी त्याच खोलीत बसलेली असेल तर ती गप्प बसण्याची घटका चांगलीच लांबते.

म्हणून पणजीचे नाव घ्यायचे असेल तर हयात असलेल्या दोन्ही आज्यांना ते आधी सांगावे आणि कारणही सांगावे. नवऱ्याच्या आजीचे नाव घेतले आणि बायकोच्या आजीचा विचारही झाला नाही, ही कुरबुर बारशापर्यंत टिकते व पुढे दुसऱ्या बाळाच्या वेळी नव्याने निघते. सन्मान कुणाचा करायचा हे नवराबायकोने आपसांत ठरवून मगच घरात बोलावे.

दुसरी पायरी: आजीची सगळी नावे गोळा करावीत

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मराठी समाजातल्या अनेक जातींत व घराण्यांत लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलत असे. तांदळाने भरलेल्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्या दिवसापासून सासर तिला त्याच नावाने ओळखे. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते, रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते, आणि महर्षी कर्वे यांच्याशी 1893 मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे या त्यापूर्वी गोदूबाई होत्या. ज्यांची चरित्रे लिहिली गेली त्यांची पहिली नावे आपल्याला माहीत आहेत. आपल्या घरातल्या आजीचे पहिले नाव मात्र तिच्या भावंडांबरोबर विसरले जाण्याची शक्यता असते.

ते नाव शोधण्याच्या काही जागा ठरलेल्या आहेत. माळ्यावरची किंवा देव्हाऱ्याजवळची जुनी पितळी आणि तांब्याची भांडी खाली काढून त्यांच्या कडा आणि बूड नीट पुसून पाहावे. रुखवतात आलेल्या कळशीवर, घंगाळावर किंवा परातीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे असतात, आणि चिंचेने घासून घासून ती झिजलेली असली तरी तिरप्या उजेडात धरल्यावर 'चि. मालती हिस मामांकडून' अशी ओळ वाचता येते. घरात चाळीस वर्षे सगळे जिला 'सुधाताई' म्हणत आले, ती मालती होती, हे अशा एका कळशीवरून कळू शकते. लग्नपत्रिका जपून ठेवलेली असेल तर 'चि. सौ. कां.' या अक्षरांपुढे माहेरचे नाव मिळते. शाळा सोडल्याचा दाखला हा त्याहून पक्का पुरावा, अर्थात आजी शाळेत गेली असेल तर. काही घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत आणि त्यांत सुनांची माहेरची नावे व गावे दिलेली असतात. त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. ज्या घरांत श्राद्ध केले जाते तिथे आई, आजी आणि पणजी यांचा नावाने उच्चार होतो, म्हणून घराच्या उपाध्यायांनाही विचारून पाहावे. मात्र तिथे मिळणारे नाव बहुधा सासरचे असते.

कागदपत्रांपेक्षा माणसे अधिक सांगतात. आजीचा धाकटा भाऊ, चुलत बहीण किंवा माहेरच्या गावातली एखादी मैत्रीण हयात असेल तर फोनवर काम उरकू नये, प्रत्यक्ष जाऊन बसावे. त्यांच्या तोंडून ठकी, बबी, बायजा, जिजी, चिंगी अशी हाकेची नावे निघतात, आणि ती कुठल्याही दाखल्यावर नसतात. या सगळ्यांची एक साधी यादी करावी: पाळण्यातले नाव, सासरचे नाव, कागदोपत्री नाव, माहेरची हाक, सासरची हाक आणि नातवंडे म्हणत ते नाव. शिधापत्रिकेवर एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि मतदारयादीत तिसरेच असे नावाचे तीन अवतार आढळले तरी गोंधळून जाऊ नये.

यादी झाली की आजी हयात असल्यास तिलाच विचारावे: यातले तुझे कोणते? काही आज्या सासरचे नाव सांगतात, कारण सगळा संसार त्या नावाने झालेला असतो. काही जणींना आपले पहिले नाव कुणीतरी विचारले याचेच अप्रूप वाटते. आजी नसेल तर तिच्या जवळच्या माणसांच्या सांगण्यावरून अंदाज बांधावा, आणि तोही लागत नसेल तर माझे मत पाळण्यातल्या नावाच्या बाजूने आहे, कारण सासरच्या नावाला निदान घराने वापरून जिवंत ठेवलेले असते.

जिवंत माणसाचे नाव बाळाला ठेवू नये असा रिवाज अनेक घरांत आहे, तर आजी गेल्यानंतर जन्मलेल्या नातीला 'आजीच पोटी आली' म्हणून तेच नाव देण्याची रीत त्याहून जुनी आहे. आपल्या घरात काय चालते ते आजीच्या तोंडूनच ऐकावे. तिची हरकत नसेल तर इतरांच्या हरकतीला फारसे वजन देण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: सन्मानाची वाट निवडावी

पहिली वाट म्हणजे नाव जसेच्या तसे घेणे. 'बाई' हा आदरार्थी प्रत्यय तेवढा गळतो आणि मुक्ताबाईची मुक्ता, गंगाबाईची गंगा, राधाबाईची राधा होते. रमा, उमा, जानकी, मुक्ता, कावेरी, यशोदा, रेणुका, इंदिरा या नावांना काहीही करण्याची गरज नाही. पूर्ण नाव मोठे वाटत असेल तर ते घरातच सुटे होते: गोदावरीची गोदा, अन्नपूर्णेची पूर्णा, सत्यभामेची भामा किंवा सत्या. अशा वेळी दाखल्यावर पूर्ण नाव आणि हाकेला छोटे नाव, ही विभागणी मला सर्वांत चांगली वाटते, कारण मूल मोठे झाल्यावर दोन्हींतले हवे ते निवडू शकते.

दुसरी वाट समानार्थाची. ज्या देवतेचे, नदीचे किंवा फुलाचे नाव आजीला होते तिचेच दुसरे नाव बाळाला द्यायचे. आपल्या भाषेत ही वाट फार प्रशस्त आहे. आजी गंगा किंवा भागीरथी असेल तर नात जान्हवी होऊ शकते. यमुनेची कालिंदी, नर्मदेची रेवा आणि गोदावरीची गौतमी होते, कारण गौतम ऋषींच्या कथेमुळे गोदेला ते नाव मिळालेले आहे. पार्वतीसाठी उमा, गिरिजा, अपर्णा, शैलजा, लक्ष्मीसाठी रमा, पद्मा, इंदिरा, सीतेसाठी वैदेही, मैथिली, जानकी, सरस्वतीसाठी शारदा, भारती, रुक्मिणीसाठी वैदर्भी, तुळसेसाठी वृंदा. कमळ नावाच्या आजीची नात नलिनी किंवा मृणाल होऊ शकते, पण मृणाल म्हणजे कमळाचा देठ, हे आधी माहीत असलेले बरे. अलीकडच्या पिढीतल्या नावांनाही हा मार्ग खुला आहे: रजनीसाठी शर्वरी किंवा यामिनी, विद्येसाठी मेधा, संगीतासाठी स्वरा किंवा रागिणी, शैलासाठी गिरिजा.

या वाटेवर एक धोका आहे. नावाचा धागा इतका बारीक होतो की पुढे तो कुणाला दिसत नाही. पार्वतीबाईंची नात अपर्णा आहे, हे संबंध जोडून सांगणारी माणसे घरात असेपर्यंत ठीक. त्यानंतर ते एक छान नाव एवढेच उरते. त्यामुळे समानार्थी नाव निवडल्यास त्यामागची हकिकत बाळाच्या फाइलमध्ये चार ओळींत लिहून ठेवावी.

तिसरी वाट आजीच्या आयुष्यातून निघते. आजी पहाटे दळताना ओव्या म्हणत असे, तर ओवी. ती देवासाठी परडीभर प्राजक्त वेचत असे, तर प्राजक्ता. अंगणातल्या बकुळीवर तिचा जीव होता, तर बकुळ. केसांत तिने सदैव अबोलीच माळली, तर अबोली. माहेरच्या गावची देवीही नाव देऊन जाते: अंबाजोगाईची योगेश्वरी, माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, गोव्यातल्या शांतादुर्गेवरून शांता. गावची नदी हाही चांगला आधार आहे. इरावती कर्वे यांचा जन्म 1905 मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. त्याच न्यायाने आजीचे बालपण विदर्भात पूर्णेच्या काठी गेले असेल तर पूर्णा, आणि कोयनेच्या खोऱ्यातली असेल तर कोयना हे नाव विचारात घ्यायला काय हरकत आहे?

ज्या आज्यांची नावे पुढे नेता येत नाहीत त्यांच्यासाठी ही तिसरी वाट खास उपयोगाची आहे. आधीची मुले जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये या समजुतीने दगडाबाई, धोंडाबाई अशी नावे ठेवली जात, आणि मुलींमागून मुलीच झाल्या म्हणून वैतागाने एखादीचे नाव नकुशा ठेवले जाई. साताऱ्यात 2011 मध्ये नकुशा नावाच्या मुलींचे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने जाहीरपणे नव्याने नामकरण झाले ते याच कारणाने. दगडाबाई या नावामागे निदान मूल जगावे ही काकुळती होती. नकुशा या नावामागे तीही नव्हती. माझ्या मते अशा नावाची आठवण त्या शब्दातून पुढे नेऊ नये. त्या बाईने आयुष्यभर जे केले, जे जपले त्यातून नाव शोधावे, किंवा तिला माहेरी कुणी प्रेमाने वेगळी हाक मारत असेल तर ती घ्यावी.

दोन आज्यांच्या नावांची अक्षरे जोडून तिसरेच नाव घडवण्याची चाल हल्ली फार आहे. सुमन आणि लता यांची सुमनलता होते, तिथे अर्थ टिकतो. शोभा आणि मीना यांची 'शोमी' होते, तिथे दोन्ही आज्यांना आपण कुठे आहोत ते सापडत नाही. नाव घडवायचेच असेल तर त्याचा अर्थ संस्कृत किंवा मराठी शब्दकोशात पडताळावा. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश ग्रंथालयांतून सहज मिळतात. नावांच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये, कारण तिथे अर्धी नावे 'राजकन्या' आणि उरलेली अर्धी 'देवीचे एक नाव' असतात.

मुलगा झाला तर

आजीचे नाव नातीलाच द्यायचे असा नियम नाही. आपल्याच भूमीत आईच्या गोत्रनावावरून राजे ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीत कोरवलेला लेख आहे, आणि त्यात तिने स्वतःची ओळख महाराजाची आई व महाराजाची आजी अशी करून दिली आहे. नातवाच्या नावाशेजारी आजी उभी राहण्याचे याहून जुने आणि याहून भक्कम उदाहरण मराठी मुलखात शोधावे लागेल.

संस्कृतात आईच्या नावावरून मुलाचे नाव करण्याची सोयच आहे. सुमित्रेचा सौमित्र, सुभद्रेचा सौभद्र, गंगेचा गांगेय, अंजनीचा आंजनेय, राधेचा राधेय, कृत्तिकांचा कार्तिकेय आणि पृथेचा पार्थ. आजीचे नाव सुमित्रा असेल तर सौमित्र या नावात ती सरळ दिसते. ही रूपे मुळात 'मुलगा' या अर्थाची आहेत, नातवासाठी ती वापरली तर व्याकरणाचा एखादा जाणकार भुवई उंचावेल, उंचावू द्यावी. याशिवाय निर्मलेचा निर्मल, सुशीलेचा सुशील, नलिनीचा नलिन असे साधे पुल्लिंगी रूप होते, आणि किरण, सुहास, शशी यांसारखी नावे तर दोघांनाही चालतात. केवळ उच्चार जवळचा म्हणून जोडलेली नाती मात्र टाळावीत: इंदिरा म्हणजे लक्ष्मी, तिचा इंद्राशी संबंध नाही.

चौथी पायरी: जन्माक्षराचा प्रश्न

अवकहडा चक्रात 27 नक्षत्रांच्या प्रत्येकी 4 चरणांना एकेक अक्षर दिलेले असते, म्हणजे एकूण 108 अक्षरे. बाळाचा जन्म स्वाती नक्षत्रावर झाला तर रू, रे, रो, ता यांपैकी अक्षर येते, मघा असेल तर मा, मी, मू, मे. आजीचे नाव त्यात बसले तर आनंदच आहे, पण बहुतेक वेळा ते बसत नाही आणि मग घरातले कुणीतरी आजीचा बेतच मोडीत काढते.

याचे उत्तर परंपरेतच आहे. नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे ठेवण्याची पद्धत आहे. अक्षराचा संबंध त्यांतल्या नाक्षत्रनामाशी असतो. व्यवहाराचे नाव आईवडिलांच्या पसंतीचे असायला कुठलीच आडकाठी नाही. शिवाय हस्त नक्षत्राच्या चरणांत ण आणि आर्द्रेच्या चरणांत ङ ही अक्षरे येतात, त्यांवरून नाव तरी कोणते ठेवणार? तेव्हा अक्षरानुसार येणारे नाव पत्रिकेत लिहावे आणि आजीचे नाव दाखल्यावर. उलटही करता येते: दाखल्यावर दुसरे नाव असले तरी बारशाच्या ताटातल्या चार-पाच नावांत आजीचे नाव लिहून ते पाळण्यात पहिले उच्चारावे. ज्यांना पूर्ण नाव घ्यायचे धाडस होत नाही त्यांच्यासाठी ही उत्तम तडजोड आहे.

पाचवी पायरी: नाव घरात आणि दारात वापरून पाहावे

सुनेने सासूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हा दंडक पूर्वी इतका कडक होता की सासूच्या नावाशी जुळणारी वस्तूसुद्धा दुसऱ्याच शब्दाने मागितली जाई. तो दंडक आता फारसा कुणी पाळत नाही, तरी त्याची सावली उरली आहे. सासूबाईंचे नाव वत्सला आणि मुलीचेही वत्सला असेल, तर मुलीने दुधाचा पेला सांडल्यावर स्वयंपाकघरातून 'वत्सले, मार खाशील आता!' असा आवाज येणार, आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या सासूबाई तो ऐकणार. काही घरांत यावर हसू फुटते, काही घरांत जेवण शांततेत होते. आपले घर कोणत्या प्रकारचे आहे याचा विचार आईने आधी करावा, कारण दिवसातून सर्वांत जास्त वेळा ती हाक तीच मारणार असते. म्हणूनच अशा घरांत बाळाला हाकेचे वेगळे नाव सुरुवातीपासून ठेवतात.

त्यानंतर नाव आडनावासह मोठ्याने म्हणून पाहावे, दारातून हाक मारून पाहावी, आणि त्याचे लाडाचे व चिडवण्याचे रूप काय होईल याचाही अंदाज घ्यावा. मुले कुठलेही नाव बिघडवू शकतात, त्यामुळे या कसोटीला फार भ्यायचे कारण नाही. पण भागीरथीची 'भागी' किंवा द्वारकेची 'द्वारकी' आपल्याला स्वतःला सहन होईल का, एवढे पाहून घ्यावे.

रोमन लिपीची कसोटी मात्र टाळू नये. मंजुळा, तुळसा, कमळा यांतला ळ रोमन अक्षरांत उतरत नाही, त्यामुळे परराज्यात किंवा परदेशात मंजुळाची मंजुला होणार हे गृहीत धरावे. रमा हे नाव नेहमीच्या रोमन लेखनात राम किंवा रामा असेही वाचले जाते. दीर्घ आकारासाठी दोन अक्षरे घालायची की एक, हे आईवडिलांनी एकदाच ठरवून एका कागदावर लिहावे, आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच लेखन उतरवावे.

सहावी पायरी: आत्याला विश्वासात घ्यावे

बारसे बाराव्या दिवशी किंवा सोयीने नंतर होते. सजवलेल्या पाळण्याखालून-वरून आधी नटवलेला वरवंटा 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत फिरतो, मग बाळ फिरते, आणि शेवटी आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते; त्याच क्षणी मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव सांगण्याचा मान आत्याचा असल्यामुळे अनेक घरांत ते निवडण्याचाही हक्क ती सांगते. नाव वडिलांच्या आईचे असेल तर ती आत्याचीच आई, तेव्हा ती बहुधा खूश होते. नाव आईच्या आईचे असेल तर तिला आधी भेटून सांगणे शहाणपणाचे, नाहीतर घुगऱ्या वाटेपर्यंत चेहरे सांभाळावे लागतात. तेच नाव चुलत घरातल्या कुणा मुलीला आधीच दिलेले आहे का, हेही याच वेळी विचारून घ्यावे. दिलेले असेल तरी बिघडत नाही. एका आजीच्या नावावर सगळ्या नातवंडांचा सारखाच हक्क आहे.

सातवी पायरी: नोंदणी

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती माहिती रुग्णालयाकडून महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे जाते. नाव ठरलेले नसताना घाईने काहीतरी लिहून देऊ नये. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार नावाशिवाय नोंद करता येते, आणि नंतर 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत मुभा असते. आजीच्या माहेरचा शोध पुरा करायला एवढी मुदत पुरेशी आहे. याउलट एकदा लिहिलेले नाव बदलणे त्रासाचे असते: लेखनातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त होते, मात्र मन बदलले म्हणून दुसरे नाव हवे असेल तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देण्यापर्यंत मजल जाते.

आपल्याकडे नावाच्या मधल्या जागी वडिलांचे नाव असते, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरे नाव म्हणून आजीचे नाव देता येते तशी मोकळी जागा बाकीच्या मराठी नावात नसते. त्यातच 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आलेला आहे. चार शब्दांची ही ओळ लांब होते. बाळाचे नाव इंद्रायणी, आईचे प्रियदर्शिनी आणि वडिलांचे ज्ञानेश्वर असेल तर अर्जातल्या चौकटी पुरतील की नाही ते आधी मोजून पाहावे. आजीचे नाव पहिल्या नावाला जोडून 'इरा गोदावरी' असे दोन शब्दांचे पहिले नाव लिहिण्याचा मोह होतो. पुढे संगणकावर त्यांतला दुसरा शब्द आईचे किंवा वडिलांचे नाव समजला जाण्याची शक्यता असल्याने मी तो सल्ला देत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना मधल्या नावाची चौकट सहसा मिळते, आणि तिथे वडिलांऐवजी आजीचे नाव घालण्याचा पर्याय खुला असतो. बाळाचे भारतीय नागरिकत्व राखायचे असेल तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. तिथल्या अर्जात आणि स्थानिक दाखल्यात नावाचे लेखन अक्षरशः एकच ठेवावे.

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियमात 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा आधार मानला जातो. म्हणून दाखला हातात पडताच तिथल्या तिथे देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही लेखने आपल्या कागदाशी ताडून पाहावीत: ऱ्हस्व-दीर्घ, ळ आणि ल, आईच्या नावाचे लग्नानंतरचे की माहेरचे रूप. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा, आणि दुरुस्त दाखला मिळाल्यावरच बाल आधारसाठी केंद्रावर जावे.